मान वर करून हजेरी

कर्वेनगर, पुणे
४ ऑगस्ट २०२४, रविवार

चि. पूर्वा हिस,
तात्याचे अनेक आशीर्वाद व सप्रेम जय भीम.

वि. वि. तुझ्या आईने आज घारग्या केल्या आहेत. त्यांच्या खालीच हे पत्र ठेवलं आहे. टपालापेक्षा तुझा बाबा भरवशाचा. फक्त हडपसरच्या सिग्नलला पोचला की जगाला नावं ठेवतो. फोनवर तू काय बोलतेस ते मला निम्मंच ऐकू येतं आणि निम्म्याला मी नुसतं हो हो म्हणतो. म्हणून नातीने आजोबाला पत्रच लिहावं, हा आपला करार. तो तू दोन महिने मोडला आहेस.

तुला इस्पितळात नवीन काम मिळालं म्हणे. तुझी आई आम्रपाली सांगत होती की आठवड्यातले तीन दिवस वॉर्डात आणि तीन दिवस संगणकापुढे. त्याला नर्सिंग इन्फॉर्मेटिक्स म्हणतात, एवढं मी शेजारच्यांना रुबाबात सांगितलं. पुढे त्यांनी विचारलं की म्हणजे काय, तेव्हा मला चहाची आठवण झाली. तेव्हा आता नीट सांग. नाडी बघणाऱ्या बोटांनी तू टायपिंग करतेस, ते कशासाठी? चौथीच्या पुस्तकात नदीची एक कविता होती. नदी वाटेत प्रत्येक गावाला विचारत जाते, तशी. ती शिकवताना मी मुलांना सांगायचो की विचारणाऱ्यालाच समुद्र भेटतो. शहात्तराव्या वर्षी तो नियम मला लागू नाही, असं कुठे लिहिलेलं नाही.

घारग्या मैत्रिणींना वाटून उरल्या तर तूही खा. लोभ आहेच, उत्तर तेवढं यावं.

तुझा,
तात्या

◆

लोणी काळभोर
९ ऑगस्ट २०२४

ती. तात्यांना,
पूर्वाचा सादर जय भीम. वि. वि.

घारग्या चार मिनिटांत संपल्या. करार मोडल्याबद्दल कान पकडते.

आता शेजाऱ्यांसाठी उत्तर. आमच्याकडे पेशंट आला की मनगटाला एक पट्टी बांधतात. तिच्यावर नाव आणि काळ्या रेघांचा बारकोड असतो, बिस्किटपुड्यावर असतो तसा. औषध द्यायच्या आधी नर्स हातातल्या स्कॅनरने ती पट्टी वाचते, मग औषधाचं पाकीट वाचते. माणूस, औषध, मात्रा, वेळ सगळं जुळलं तर पडदा हिरवा होतो, नाहीतर लाल. लाल झाला की थांबायचं. माझं काम असं की ही यंत्रणा नर्सच्या हाताला नीट बसते का ते बघायचं. संगणकवाल्यांना वॉर्ड माहीत नसतो आणि वॉर्डातल्यांना संगणक नको असतो. मी मधली दुभाषी.

आमच्या वॉर्डाचा आकडा सगळ्यात चांगला आहे. शंभरातल्या नव्याण्णव वेळा स्कॅन झालेलं. त्याचं प्रशस्तिपत्रक मीच फ्रेम करून भिंतीवर लावलं. श्रेय विजयमाला सिस्टरचं. तुम्हाला आठवतात ना, मला शीर शोधायला ज्यांनी शिकवलं त्या? मला सुई टोचवत नव्हती तेव्हा त्यांनी स्वतःचा हात पुढे केला होता, टोच म्हणाल्या. एप्रिलमध्ये निवृत्त होतायत. नवीन पोरी त्यांना घाबरतात, मीही थोडी.

गुडघ्याला तेल लावताय का? हो हो म्हणू नका, खरं सांगा. प्रेम डब्याच्या मापाने मोजत नाही, तरी डबा यावा.

तुमची,
पूर्वा

◆

कर्वेनगर
११ ऑगस्ट २०२४, रविवार

चि. पूर्वा हिस, अनेक आशीर्वाद, सप्रेम जय भीम.

वि. वि. तेल लावतो. खरं म्हणजे परवापासून लावतो.

तुझं पत्र तीनदा वाचलं. बिस्किटपुडा आणून भिंगातून रेघाही पाहिल्या. पावसाळ्यात काचेवर ओघळ उतरतात तशा दिसतात. मजा वाटली. पण एका शंकेने दुपारची झोप गेली. तू म्हणतेस, स्कॅनर पट्टी वाचतो. मग त्याला माणूस दिसतो, की नुसती पट्टी? समजा, पट्टी एकीकडे आणि माणूस दुसरीकडे असला, तर त्या पडद्याचा रंग कोणता? माझा प्रश्न अडाणी असेल तर हसून सोडून दे.

शंकेला कारण आहे. वर्गात मी नाव घ्यायचो आणि पोरं हजर म्हणायची. तो आवाज दुसरा कुणीही देऊ शकतो, हे मला फार चांगलं ठाऊक आहे. कसं, ते पुन्हा कधीतरी सांगेन.

या वेळी चकल्या आहेत. पत्राला तेल लागलं तर अक्षराला दोष देऊ नये.

तुझा,
तात्या

◆

लोणी काळभोर
२१ ऑगस्ट २०२४

ती. तात्या,
सादर जय भीम.

हसून सोडून देणार होते. नाही देता आलं. तुमचा अडाणी प्रश्न घेऊन मी संगणकावर बसले आणि कोणतं स्कॅन कधी झालं याच्या वेळा काढल्या. रोज सकाळी आठ वाजता आमच्या वॉर्डात आठ पेशंटच्या पट्ट्या पन्नास सेकंदांत वाचल्या जातात. आठ खाटा, खिडकीच्या बाजूला या टोकापासून त्या टोकापर्यंत. धावत गेलं तरी जमणार नाही, तात्या.

मग मी औषधांची ट्रॉली नीट पाहिली. खालच्या कप्प्यात एक पुठ्ठा होता. दाखल करताना पट्ट्यांच्या जादा प्रती निघतात, त्या त्यावर खाटेच्या नंबरानुसार ओळीने चिकटवलेल्या. खाली विजयमाला सिस्टरचं मोत्यासारखं अक्षर. खाटेजवळ न जाताच स्कॅन होतं ते असं. मी विचारलं तर म्हणाल्या की खिडकीकडच्या खाटांजवळ नेटवर्क जातं, स्कॅनर अडकतो, आम्ही दोघी आणि पेशंट चोवीस. पुठ्ठा नसता तर सकाळची औषधं दुपारी गेली असती. त्यातला एक शब्द खोटा नव्हता.

आणि परवा ते झालंच. उरुळीच्या मथुराबाई सहा नंबरवर होत्या. पंख्याचा आवाज सहन होईना म्हणून नऊ नंबरच्या बाईंशी खाट बदलून घेतली. पुठ्ठ्यावर मात्र नऊच्या जागी जुनीच पट्टी. त्या नऊच्या बाईंना मधुमेह आहे. सिस्टरनी पुठ्ठ्यावर स्कॅन केलं, पडदा हिरवा झाला, आणि इन्शुलिनची सुई घेऊन त्या मथुराबाईंपाशी गेल्या. मथुराबाईंनी हात मागे घेतला. म्हणाल्या की आपल्याला साखर न्हाय, असली तर जावयाला हाय, त्याला टोचा. सगळा वॉर्ड हसला. सिस्टर हसल्या नाहीत. सुई ट्रेमध्ये ठेवून त्या स्टूलवर बसल्या. तेरा वर्षांत मी त्यांना ड्यूटीवर बसलेलं पाहिलेलं नाही, असं सोबतची नर्स निकिता म्हणाली.

टळलेली चूकही लिहून द्यायची असा आमचा नियम आहे, आणि ते काम माझंच. सिस्टर मला म्हणाल्या की काही झालेलं नाही, पुठ्ठा आजच फाडते, आठ महिने राहिलेत, लिहू नकोस. लिहिलं तर त्यांच्या छत्तीस वर्षांवर शाई सांडेल. नाही लिहिलं तर खिडकीकडचं नेटवर्क तसंच राहील, आणि दुसऱ्या वॉर्डात असा पुठ्ठा नाही हे मला कोण सांगेल? तीन दिवस फॉर्म कोरा आहे. तात्या, तुम्ही काय केलं असतंत?

तुमची,
पूर्वा

◆

कर्वेनगर
२५ ऑगस्ट २०२४, रविवार

चि. पूर्वा हिस, अनेक आशीर्वाद.

मी काय केलं असतं, असं विचारतेस. काय केलं तेच सांगतो. हे तुझ्या आजीलाही पूर्ण सांगितलं नव्हतं.

सन १९८३. खडकीच्या शाळेतली माझी चौथी, बेचाळीस मुलं. सहल कार्ल्याच्या लेण्यांना. जाताना लोकलमध्ये सगळा डबा कविता म्हणत होता. मळवलीला उतरलो तरी कडवं संपलं नव्हतं. लेण्यांत मी मुलांना म्हटलं की आता गप्प राहा, दगड बोलतील. असला मी शिक्षक. परतताना स्टेशनात हजेरी घेतली. गाडी समोर दिसत होती. मान खाली, बोट वहीवर, एकेक नाव, एकेक हजर. बेचाळीस आवाज मी मोजले. खडकीला उतरलो तेव्हा एकेचाळीस डोकी होती.

शकू नावाची मुलगी लेण्यातच राहिली होती, दगडांचं बोलणं ऐकत. गुरुजी तिच्यावर रागावतील म्हणून तिच्या मैत्रिणीने तिच्या नावाला हजर म्हटलं होतं. आमचा शिपाई जयसिंग त्याच पावली मिळेल त्या गाडीने मागे गेला. दिवस मावळताना फुलवालीच्या शेजारी बसलेली शकू त्याला सापडली. रडत नव्हती म्हणे. हजेरीत माझं नाव आलं का, एवढंच तिने त्याला विचारलं.

चौकशी झाली. हेडमास्तरांनी विचारलं की मुलांच्या रांगेच्या शेवटी कोण होतं. शेवटी जयसिंग होता. मी म्हणू शकलो असतो की मी मान वर केली नाही. मी वही पुढे केली. तीत बेचाळीस जण हजर होते. माझी वही तुझ्या पडद्यासारखीच हिरवी होती, पूर्वा. जयसिंगला नोटीस मिळाली आणि दिवाळीनंतर त्याची दुसऱ्या शाळेत बदली झाली. तो फार सुंदर घंटा वाजवायचा. नंतर ती घंटा कुणाच्या हातून तशी वाजली नाही.

त्यानंतर मी वर्गाची एक कविता रचली, बेचाळीस ओळींची. प्रत्येकाला आपली ओळ. हजर म्हणायचं नाही, उभं राहून आपली ओळ म्हणायची, आणि मी तोंडाकडे बघायचं. सगळ्यांनी कौतुक केलं. ती का रचली, हे कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

फॉर्म भर की भरू नकोस, हे मी सांगणार नाही. तो हक्क मी वहीबरोबर घालवला. पण कोरा कागद चाळीस वर्षं कोराच राहतो, एवढं मला ठाऊक आहे. आज डब्यात काय आहे ते पाहिलं नाही. माया मात्र नेहमीचीच.

तुझा,
तात्या

◆

लोणी काळभोर
५ सप्टेंबर २०२४

ती. तात्या,
सादर जय भीम. आज शिक्षक दिन, म्हणून वाकून.

आधी माफी. तुमचं पत्र मी सिस्टरना वाचायला दिलं. त्यांनी ट्रॉलीपाशी उभ्यानेच वाचलं. घडी घालून परत देताना म्हणाल्या की तुझे आजोबा लांबण फार लावतात. मग राउंड संपवला, हात धुतले, आणि माझ्याकडून फॉर्म मागून घेतला. स्वतःच भरला. नाव, वेळ, सुई, सगळं. कारणाच्या चौकटीत जागा पुरेना म्हणून मागच्या बाजूला लिहिलं: खिडकीकडची आठ खाटांची जागा, अडकणारा स्कॅनर, चोवीस पेशंट, दोन नर्स. शेवटी लिहिलं की आकडा नव्याण्णव दिसत होता म्हणून कुणीच बघायला आलं नाही. हे वाचताना मला माझी फ्रेम आठवली. चौकशीच्या कमिटीपुढे मी माझ्या तोंडाने सांगितलं की ती फ्रेम मीच लावली होती.

सगळं गोड झालं असं नाही. सिस्टरना लेखी समज मिळाली, ती फाइलमध्ये राहणार. पण खिडकीकडे नेटवर्कचा नवा डबा बसला आणि स्कॅनर बदलले. बाकीच्या वॉर्डांतून आणखी तीन पुठ्ठे निघाले, तात्या. आमचा आकडा नव्याण्णववरून एकाहत्तरवर आला आहे. मॅट्रन बाई नाराज आहेत. मी फ्रेम उतरवली. एकाहत्तर खरे आहेत.

आणखी एक. आता आम्ही पेशंटला तुम्ही अमुक ना, असं विचारत नाही. भिडेपोटी माणसं कशालाही हो म्हणतात. तुमचं पूर्ण नाव सांगा, असं म्हणतो आणि तोंडाकडे बघतो. मथुराबाईंचा मात्र घोळ झाला. नवऱ्याचं नाव नुसतं कसं घ्यायचं? त्या प्रत्येक गोळीला उखाणा घेतात. दिवसातून चार गोळ्या, चार नवे उखाणे. आता सकाळी आठला बाकीच्या खाटा उठून बसतात. सिस्टर म्हणाल्या की हे गुरुजींना कळव.

तात्या, जयसिंगकाका आहेत का अजून?

तुमचीच,
पूर्वा

◆

कर्वेनगर
१५ सप्टेंबर २०२४, रविवार

चि. पूर्वा हिस,
अनेक आशीर्वाद, सप्रेम जय भीम. विजयमालाबाईंना माझा आदराने नमस्कार सांग. लांबण कमी करतो आहे.

आहे जयसिंग. परवा खडकीला जाऊन आलो. गणपतीमुळे बस कुठून कुठे वळवली, त्याची एक वेगळी कविता होईल. दारात उभा राहिलो. त्याला आता धूसर दिसतं. त्याने विचारलं कोण. मी पूर्ण नाव सांगितलं, तात्याराव गेनू ओव्हाळ, चौथीचा वर्गशिक्षक. आणि बसायच्या आधीच ते सांगून टाकलं, की मळवलीला मी मान वर केली नव्हती.

त्याने पानाला चुना लावला. मग म्हणाला की ते त्याला तेव्हाच माहीत होतं, त्याने रांगेच्या टोकावरून पाहिलं होतं. मी विचारलं की मग बोलला का नाहीस. त्यावर त्याचं म्हणणं असं की वही गुरुजींची होती, बोलायची पाळीही गुरुजींचीच होती. आणि वर म्हणाला की कर्वेनगराहून खडकीला यायला एकेचाळीस वर्षं लागतात हे त्याला माहीत नव्हतं, बस तर दर अर्ध्या तासाला आहे. त्याच्या बायकोने, कांताबाईंनी, चहा ठेवला. त्याने माफ केलं की नाही, ते सांगितलं नाही. साखर दोन चमचे घालायला सांगितली एवढं खरं.

चहा पिताना कांताबाईंनी फळीवरचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. आत दोघांच्या गोळ्या, सगळ्या मोकळ्या, एकत्र. तो बोटांनी चाचपून आपली कोणती ते ओळखतो आणि कांताबाई नुसतं हो म्हणतात. पूर्वी मी अशा वेळी खिडकीबाहेरच्या झाडाकडे बघत बसलो असतो. या वेळी मान वर होती, म्हणून दिसलं.

येत्या रविवारी सुट्टी घे. तुझ्या बाबाला डबा लोणीला न्यायचा नाही, खडकीला न्यायचा आहे. दोन रिकाम्या डब्या आणि जाड टोकाचं पेन आण. जयसिंगला सांगून ठेवलं आहे की नात येईल आणि पूर्ण नाव विचारेल. तो म्हणाला की हजर आहे.

तुझाच,
तात्या