दादा म्हणायचं कुणाला

प्रिय धाकट्या,

तुझं पत्र आईने आधी स्वतः वाचलं, मग शेजारच्या काकूंना वाचून दाखवलं आणि उरलंसुरलं माझ्या हाती दिलं. मित्रदेशाच्या प्रयोगशाळेत तुला खुर्ची मिळतेय, हे आता गल्लीतल्या इस्त्रीवाल्यालाही ठाऊक आहे. छान झालं. माझं अभिनंदन त्यातच धर.

एक गोष्ट मात्र अजून पचत नाही. त्यांच्या त्या उंच इंजिनियरला तू 'दादा' म्हणायला लागलास आणि तुझं ऐकून अख्खं रडार केंद्र म्हणायला लागलं. कॅन्टीनवाला 'दादांचा चहा' म्हणाला की मी हात पुढे करायचो आणि कप माझ्या नाकाखालून पुढे जायचा. आधी तार तापवायची, मग कथिल लावायचं, हे तुला शिकवलं कुणी? माणूस वाईट नव्हता, तेच तर दुखणं. आईचा मिक्सरसुद्धा त्याने दुरुस्त केला, मी घरात असताना!

त्यांनी दिलेलं रडार उत्तमच. बड्या शेजाऱ्याच्या युद्धनौका क्षितिजापलीकडे असतानाच दिसायच्या आणि आपण मच्छीमारांना वायरलेसवर माघारी बोलवायचो. पण यंत्राच्या कपाटाला सील त्यांचं. आतल्या पंख्याचं बेअरिंग घासतंय हे मला बाहेरून ऐकू येत होतं. साहेबांनी कळवलं, तर उत्तर आलं: हात लावू नका, आमचा माणूस येईल. मग दुसऱ्याच कुठल्या समुद्रात त्यांची आणि बड्या शेजाऱ्याची जुंपली आणि तुझा दादा टीमसकट तिकडे गेला. गेल्या आठवड्यात पंखा अडकला, यंत्र तापलं, पडदा काळा झाला. आपण सील तोडलं तर सुटे भाग कायमचे बंद, असा करार.

साहेबांचा चेहरा उतरला. मी म्हटलं, काळजी कसली, त्यांचं येण्याआधी मी चालवायचो ते माझं जुनं रडार आहे ना! खरं सांगू, मला आनंदच झाला होता. धूळ झटकली, चालू केलं, सगळे भोवती जमले. कॅन्टीनवाल्याने पहिला कप मला दिला. पडद्यावर दीपगृह दिसलं, आपल्या होड्या दिसल्या. त्यांच्या रोखाने येणारी करडी युद्धनौका मात्र आधी दिसली ती मासेमारीला गेलेल्या आपल्या भाऊजींना, होडीतून, नुसत्या डोळ्यांनी. जाळी कापून पळाले सगळे. घरी आल्यावर म्हणाले, तुमच्या यंत्राला चष्मा लावा हो! हसत म्हणाले. ताई हसली नाही.

तू त्यांच्याकडे शिकलास म्हणून करारात सील तोडायची परवानगी आपल्यापैकी फक्त तुला आहे. साहेब तुला कळवणार होते; मी म्हटलं, मीच लिहितो. पंखा मी बदलेन. पण नंतर यंत्र पुन्हा जुळवावं लागतं, ते मला येत नाही. लिहिलं बघ शेवटी. तू इकडे आलास तर तिथली खुर्ची तोवर तुझ्यासाठी थांबेल की नाही, माहीत नाही. पण नवी जाळी आली की भाऊजी पुन्हा समुद्रात जाणार, त्याआधी ये. आणि ती जुळवणी मला शिकव. शिकेपर्यंत मी तुला दादा म्हणेन; कॅन्टीनवाल्यासमोर नाही.

तुझाच, आणि मूळचा,
दादा