तडा आणि तिरपा प्रकाश

दि. ६ जानेवारी, सोमवार

आमच्या कन्येने नगरपालिकेला दिलेल्या तक्रारअर्जाची प्रत आज वाचनात आली. त्यातील हकीकत चुकीची आहे. दुसऱ्या परिच्छेदात ती लिहिते, ‘वडिलांना भिंतीचा तडा दाखवला असता ते छान म्हणाले.’ तडा छान आहे असे मी म्हणालेलो नाही. तड्यावर पडलेला प्रकाश छान आहे, असे म्हणालो होतो. छत्तीस वर्षे छापखान्यात मुद्रितशोधन केलेल्या माणसाच्या तोंडी अर्धे वाक्य घालू नये.

वस्तुस्थिती अशी. कन्या भाड्याच्या खोलीत पाळणाघर चालवते. तळमजला, मुले चौदा. शेजारच्या मोकळ्या जागेत नव्या इमारतीच्या पायासाठी खोदकाम सुरू झाले आणि त्या बाजूच्या भिंतीला तडा गेला. खोदणारे म्हणतात, तडा जुनाच आहे. पालिकेचा अधिकारी म्हणतो, तो वाढतो आहे असे छायाचित्रांनी सिद्ध करा, काम थांबवतो. सुनावणी २८ तारखेस.

कन्येचे म्हणणे, कोपऱ्यावरच्या झटपटला बोलवू. ‘झटपट’ हे वास्तविक त्याच्या स्टुडिओचे नाव. आता माणसालाही तेच चिकटले आहे. पासपोर्ट, लग्ने, ठोकरलेल्या मोटारी, सर्व काही तो सारख्याच निर्विकारपणे टिपतो. मी विचारले, घरात छायाचित्रणाचा चाळीस वर्षांचा छंद असताना धंदेवाइकाच्या दारात का जावे? यावर आमची ही स्वयंपाकघरातून म्हणाली की चाळीस वर्षांत कपाटभर दवबिंदू झाले, माणूस एक नाही. दुर्लक्ष केले.

संकल्प : भिंतीचे काम मी स्वतः करणार. कन्या बराच वेळ गप्प होती. संमती समजलो.

दि. ८ जानेवारी, बुधवार

झटपट न बोलावता पाळणाघरात आला. मुलांना तोंडे वेडावून दाखवली, मुले खूश. मग मला शिकवू लागला. ट्रायपॉड रोज एकाच जागी. उंची तीच, वेळ तीच. तड्याशेजारी मोजपट्टी चिकटवायची, खाली तारखेची पाटी. बस. फरशीवर खडूने तीन खुणाही करून दिल्या.

मी म्हणालो, अशाने सगळी छायाचित्रे एकसारखी येतील.

तो म्हणाला, “फोटो कंटाळवाणाच यायला पाहिजे, काका. रोज तोच. मग भेग सोडून दुसरं काही बदलत नाही.”

स्वतःच्या धंद्याची इतकी प्रांजळ व्याख्या मी यापूर्वी ऐकली नव्हती. त्याला सांगितले की मी एक चित्र आयुष्यात दोनदा काढलेले नाही. हे वाक्य त्याला कळले नसावे. मान डोलावून गेला.

खडूच्या खुणा चौकटीत येत होत्या. पुसल्या.

दि. ९ जानेवारी, गुरुवार

दिवस सार्थकी लागला. साडेदहाच्या सुमारास खिडकीतून तिरपा प्रकाश येतो. कॅमेरा भिंतीला जवळजवळ टेकवून तड्याचा मधला भाग घेतला. काठावरचे पोपडे डोंगरांसारखे उभे राहिले, मधून काळेभोर पाणी. नाव ठेवले ‘प्रवाह’. तडा आज केसाएवढा असेल. पण चित्रात पाहणाऱ्याला पैलतीर दिसणार नाही.

कन्येने पट्टीचे काय, असे विचारले. मी म्हणालो, नदीत कोणी पट्टी उभी करते का? ती म्हणाली, पूर यायचा असला की करतात.

तिच्या समाधानासाठी एक सरळ, समोरून, पट्टीसह घेतले. मृत चित्र.

दि. ११ जानेवारी, शनिवार

आज खालून वर. तडा छताला भिडतो तिथे कोळ्याचे जाळे आहे. ‘अंतराळ’. जाळे झाडू नकोस, असे कन्येला बजावले. तिने झाडले होते. नशीब, तोवर माझे काम झाले होते.

खोदयंत्र सुरू झाले की जमीन थरथरते, चित्र हलते. दोन वाया गेली. यंत्राचा निषेध.

दि. १४ जानेवारी, मंगळवार

मन अस्वस्थ आहे. चूक माझी नाही, तरीही.

चित्रात मानवी स्पर्श नव्हता. म्हणून दुपारच्या झोपेच्या वेळी एक खाट उचलून तड्याखाली नेली. खाटेवर ते दीड वर्षाचे गोबरे पोर झोपलेले. वर काळी रेषा, खाली गोरी मूठ. विरोधाभास पूर्ण. डोळा कॅमेऱ्याला लावला, तोच कन्या आली. ती ओरडली नाही. खाट पोरासकट एकटीने ओढत खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेली. मग माझ्याजवळ येऊन हळू म्हणाली,

“बाबा, त्या भिंतीपाशी एकही पोर न्यायचं नाही. तुम्हाला ती भिंत दिसतच नाहीये.”

चाळीस वर्षे पाहण्याचाच अभ्यास केलेल्या माणसाला हे ऐकावे लागले. पोर जागे झाले नाही, एवढे नमूद करतो.

दि. १६ जानेवारी, गुरुवार

शेजारच्या बांधकामावरचा इंजिनिअर आला. मुले त्याला ‘हेल्मेट’ म्हणतात. तो ते कधीच काढत नाही, चहा पितानाही नाही. सोबत गवंडी आणि घमेलेभर सिमेंट. शेजारधर्म म्हणून तडा भरून देतो, म्हणाला. मी ठाम नकार दिला. पोत संपूर्ण बिघडला असता. पुराव्याचा विचारही अर्थात मनात होताच.

माणूस मात्र रसिक निघाला. ‘प्रवाह’ पाहून स्तब्ध झाला. म्हणाला, साहेब, हे आपल्या भिंतीचे आहे यावर विश्वास बसत नाही. ऑफिसात लावण्यासाठी एक मोठी प्रत मागितली. घरी येताच बाथरूम बंद करून अंधार केला, चित्र मोठे करण्याचा एन्लार्जर लावला आणि मनाजोगी प्रत काढली. मागे नाव, चित्र घेतल्याची तारीख आणि सही, सुवाच्य अक्षरात. हिने दार वाजवून विचारले की विरोधी पक्षाला भेट कशासाठी. कलेला पक्ष नसतो, असे मी आतून सांगितले. तिला आंघोळ करायची होती, असे नंतर कळले.

दि. २० जानेवारी, सोमवार

ढगाळ. प्रकाश मेलेला. काम नाही.

एका मुलीने चित्रे रंगवताना पिवळा खडू तड्यात घातला. तो आत सरकला आणि दिसेनासा झाला. तिला वाटले भिंतीने खाल्ला. तिने निळाही देऊ केला. बाकीची मुले हसली. कन्या हसली नाही. तिने मला हात धरून तड्यापाशी नेले आणि आत्ता, याच क्षणी, सरळ फोटो काढा, असे सांगितले. प्रकाश नाही, असे म्हणालो. तिने दिवा लावला. पिवळट, सपाट, पट्टीसह एक घेतले. पट्टी तिने स्वतः धरली.

दि. २३ जानेवारी, गुरुवार

दिवसभर अंधाऱ्या बाथरूमात. निवड म्हणजे त्याग. सुनावणीसाठी बारा चित्रांचा संच ठरवला, शेवटचे तेवढे काढायचे आहे. ९ आणि २० तारखेची ती दोन सरळ चित्रे संचात ठेवून पाहिली. मैफलीत कोणी उठून पोस्टाची तार वाचून दाखवावी तशी वाटली. निगेटिव्हसह कचऱ्यात टाकली. मुद्रितशोधनात आम्ही असेच करत असू. एक नादुरुस्त ओळ संपूर्ण पानाचा विश्वास घालवते.

पाळणाघराचे दार चौकटीत बसेनासे झाले आहे. सुताराला निरोप पाठवा, असे सांगितले.

दि. २५ जानेवारी, शनिवार

शेवटचे चित्र. दारातून, वाइड लेन्सने, पूर्ण खोली. मुले घरी गेलेली, खाटा रांगेत, मागच्या भिंतीवर तडा जेमतेम दोऱ्याएवढा. ‘निःशब्द’. उत्कृष्ट शेवट. आल्बम आरंभी गर्जतो आणि शेवटी कुजबुजतो.

कन्येने आज प्रथमच सुचवले की सुनावणीआधी झटपटला एकदा बोलवावे. हेच वेळेवर सांगितले असते तर विचार केला असता.

दि. २८ जानेवारी, मंगळवार

सुनावणी झाली. जसे घडले तसे लिहितो.

अधिकारी सभ्य होता. आल्बम दोन्ही हातांनी घेतला, पाने सावकाश उलटली, वा म्हणाला. मी कन्येकडे पाहिले. मग त्याने पट्टी, पाटी, अंतर यांविषयी विचारले. मी म्हणालो, ही चित्रे त्या पातळीच्या पलीकडची आहेत. साधी, समोरून घेतलेली काही नाहीत का, असे विचारले. घेतलेलीच नाहीत, असे सांगितले. कन्येने मान वळवून माझ्याकडे पाहिले.

तेव्हा हेल्मेट उठला. पिशवीतून ‘प्रवाह’ची मोठी प्रत काढली, उलटी करून माझी तारीख आणि सही दाखवली. शेजारी आल्बममधील ‘निःशब्द’ ठेवले. आणि अतिशय नम्रपणे म्हणाला की अर्जदाराच्या वडिलांच्याच सहीनुसार ९ तारखेला भेग एवढी होती आणि २५ तारखेला एवढी आहे.

अधिकाऱ्याने चष्मा काढला. “आजोबा, या फोटोंच्या हिशेबानं भेग भरत आलीये.”

मी भिंगाचे अंतर, प्रकाशाचा कोन आणि दृष्टिकोन यांविषयी सविस्तर बोललो. वाक्ये निर्दोष होती. लिपिकाने एकही लिहून घेतले नाही. काम थांबवण्याचा आदेश नाही. पंधरा दिवसांनी पुन्हा पाहू, एवढेच.

जिन्यात हेल्मेटने मला नमस्कार केला आणि ते चित्र खरोखरच ऑफिसात लावले होते, आता पुन्हा तिथेच लावणार, असे सांगितले. त्याचे खरे वाटले, हेच अवघड आहे.

रस्ताभर कन्या चार पावले पुढे चालत होती. वळणावर म्हणाली, “ते दोन फोटो कुठे आहेत, बाबा?” मी सांगितले. तिने रागवावे अशी माझी अपेक्षा होती. तिने फक्त विचारले की पाळणे आणि खाटा आपल्या बैठकीच्या खोलीत मावतील का.

दि. २९ जानेवारी, बुधवार

सकाळपासून घरात चौदा मुले. हिने आणि कन्येने परस्पर ठरवले होते. बाथरूमच्या खिडकीचा काळा कागद काढला, एन्लार्जर माळ्यावर गेला. मला विचारले नाही. विचारायला हवे होते, असेही ठामपणे म्हणवत नाही.

तीन पालकांनी मुले काढून घेतो, असे कळवले. पाळणाघराचा परवाना त्या खोलीचा आहे, आमच्या बैठकीचा नाही. कन्या प्रत्येकाशी हसून बोलली. निरोप देऊन दार लावले, की तिथेच दाराला पाठ टेकून क्षणभर उभी राहायची. मग पुन्हा दार वाजे.

संकल्प : उद्या लवकर खोलीवर जाऊन एक सरळ छायाचित्र घ्यायचे. समोरून. पट्टीसह. कोणाला सांगायचे नाही.

दि. ३० जानेवारी, गुरुवार

साडेनऊला पोहोचलो. ट्रायपॉड मांडला. खडूच्या खुणा नेमक्या कुठे होत्या ते आठवेना. गुडघ्यांवर बसून फरशीवर शोधल्या. पुसताना मी काम चोख केले होते. अंदाजाने जागा धरली. पट्टी भिंतीवर लावायची तर चिकटपट्टी आणलेली नव्हती. ती आणायला समोरच्या दुकानात गेलो.

दुकानदार सुटे देत होता. आवाज मोठा नव्हता. पोते जमिनीवर टाकावे तसा, मग धूळ. भिंत अचानक कोसळली.

खोलीत कोणी नव्हते. चौदा खाटांच्या रांगेची जागा विटांनी भरली आहे. कॅमेरा विटांखाली गेला. मला कोणी तरी पायरीवर बसवले. कन्या धावत आली, आधी विटांकडे गेली, मग मला पाहिले. माझ्या हातात चिकटपट्टी होती.

दि. ३१ जानेवारी, शुक्रवार

झटपट आला. कन्येने बोलावले. या वेळी त्याने तोंडे वेडावली नाहीत, मलाही काही म्हणाला नाही. तारखेची पाटी ठेवली. आठ-दहा फोटो घेतले, एकाच उंचीवरून, सपाट प्रकाशात. पडलेल्या भिंतीचा जो तुकडा अजून उभा आहे त्यातही तडा गेला आहे. तिथे पट्टी धरायला माणूस हवा होता. मी उभा राहिलो.

“काका, सरळ धरा. बोट आकड्यावर येतंय.”

बोट काढले.

संध्याकाळी अधिकारी स्वतः आला. झटपटचे फोटो उभ्याउभ्याच पाहायला घेतले आणि पहिल्या फोटोवरच थांबला. खोदकाम बंद करण्याचा आदेश तिथेच लिहून दिला. फोटोंत सौंदर्य शून्य. एका फोटोत माझा अंगठा आहे. तोही स्पष्ट आला आहे.

दि. १ फेब्रुवारी, शनिवार

भरपाईच्या नव्या अर्जासाठी कन्येने घटनाक्रम मागितला आहे. त्याकरिता ही रोजनिशी तपासली. मुद्रितशोधकाच्या नजरेने तपासली असता तारखांत पुढील चुका आढळल्या. दुरुस्त्या :

कन्येने झटपटला बोलवण्याचे प्रथम सुचवले ती तारीख ६ जानेवारी. २५ च्या नोंदीतील ‘आज प्रथमच’ हे शब्द चुकीचे आहेत. मध्यंतरी तिने ते ११ आणि २० तारखेसही सुचवले होते. त्या दिवशीच्या नोंदींत ते आलेले नाही.

सरळ छायाचित्रे दोन. ९ आणि २० जानेवारी. २३ रोजी नष्ट केली. २८ रोजी ‘घेतलेलीच नाहीत’ असे सांगितले गेले, ते खरे नाही. सांगणारा मी.

तडा वाढत असल्याचे मला कळले ती तारीख २० जानेवारी, पिवळा खडू. त्यानंतर तीन दिवस (२१, २२ आणि २४, नोंदी केलेल्या नाहीत) मी त्या खोलीत छायाचित्रणासाठी मुले उपस्थित असताना गेलो.

मुले त्या खोलीतून हलवली ती तारीख २९ जानेवारी. हलवणारी कन्या. हे श्रेय नव्या अर्जात इतर कोणासही देऊ नये.

काम थांबले ३१ जानेवारी. थांबू शकले असते २८ जानेवारी.

दि. ३० ची नोंद, वाक्य ‘भिंत अचानक कोसळली’. यातील ‘अचानक’ हा शब्द गाळावा.