पंचांग बघून येणारे दिवस

आई, मागच्या आठवड्यात डॉक्टरांनी मला तुझ्याबद्दल एक प्रश्न विचारला आणि मला उत्तर देता आलं नाही. प्रश्न साधा होता. तुझी पाळी कितव्या वर्षी बंद झाली? तू असतीस तर असं काही विचारल्यावर आधी दाराकडे पाहिलं असतंस, मग आवाज खाली घेऊन सांगितलं असतंस. तू नाहीस, म्हणून लिहिते आहे.

सुरुवात तुझ्या नातीने केली. वर्षभर माझी पाळी अनियमित आहे, झोप मोडते, गुडघे धरतात, भर जानेवारीत पंखा लावावासा वाटतो. हे मी फोनवर सहज बोलले, तर ती बंगळूरहून म्हणाली, "आई, यार, आता घरीच टेस्ट होते. दो मिनट का काम आहे. मी पाठवते." आणि पाठवलंसुद्धा. एका डब्यात लघवीत बुडवायची पट्टी, दुसऱ्यात बोटाला टोचायची सुई आणि रक्ताचा थेंब ठेवायचं कार्ड. पट्टी पाळी जाण्याची, कार्ड व्हिटॅमिन डीचं. तू थर्मामीटरवरही विश्वास ठेवत नव्हतीस, त्यामुळे हे तुला सांगताना हसू येतं. मी बाथरूमचं दार लावून घेतलं, सोबतचा कागद दोनदा वाचला, पट्टी बुडवली आणि बादली पालथी घालून तिच्यावर बसून राहिले. बाहेरून तुझ्या जावयांनी विचारलं, "परीक्षा चालू आहे का आत?" मी म्हटलं, हो. "मग, पास?" मी म्हटलं, दोन रेघा आल्यात. बाहेर पेपरची घडी घातल्याचा आवाज आला. मग अगदी हळू आवाजात, "या वयात?" मला दार उघडून समजावून सांगावं लागलं की त्या दोन रेघा वेगळ्या आणि या वेगळ्या. नंतर कार्डावरचा रंग सगळ्यात खालच्या खान्याशी जुळला. म्हणजे डी फार कमी.

दोन्ही घेऊन मी डॉक्टरांकडे गेले. बाई माझ्यापेक्षा लहान आहेत. पट्टी त्यांनी बाजूला ठेवली. "ये बस आजचं सांगते. पुढच्या महिन्यात उलटं पण येऊ शकतं. डीचं ब्लड टेस्ट लॅबमध्ये परत करून घेऊ." मग त्यांनी घरातल्या आजारांचं विचारलं. मी तुझं सांगितलं. बाथरूममध्ये साधं घसरणं, मोडलेलं खुब्याचं हाड, त्यानंतरचं अंथरूण, जे तू सोडलं नाहीस. त्यांनी पेन खाली ठेवलं. "मम्मीची पाळी कधी बंद झाली होती? लवकर गेली असेल तर तुमच्या हाडांकडे मला आतापासूनच बघावं लागेल. घरात कुणाला माहीत असेल तर विचारून या."

घरी येताना मला वाटलं, मला माहीत आहे की. आपल्या घरात ही गोष्ट लपण्यासारखी नव्हतीच. तू बसायचीस. पुढच्या खोलीत खिडकीखाली सतरंजी, वेगळं ताट, वेगळा तांब्या, आणि तीन दिवस तुला कुणी शिवायचं नाही. चौथ्या दिवशी डोक्यावरून पाणी घेतलंस की घर पुन्हा तुझं. मिलच्या क्वार्टरांमध्ये आपल्या मराठी लोकांच्या बहुतेक घरांत हेच होतं, त्यामुळे कोणाच्या घरी कोण बसलं आहे हे नुसत्या वासावरून कळायचं. पुरुषांनी केलेल्या फोडणीचा वास वेगळा असतो. बाबा मिलमध्ये क्लार्क होते. मिलची पहिली पाळी, म्हणजे सकाळची शिफ्ट असली की पहाटे वरण-भात करून जायचे आणि तो आम्ही दिवसभर खायचो. मी हिशेब मांडला. बाबांना पोलोग्राउंडच्या कारखान्यात टाइमकीपरची नोकरी लागली, त्या सुमारास तुझं बसणं थांबलं. तेव्हा तू पन्नाशीला आली होतीस. म्हणजे वेळेवर. हेच डॉक्टरांना सांगायचं ठरवलं होतं. तरी एकदा खात्री करावी म्हणून सुदामा नगरला आत्याकडे गेले.

आत्या आता ऐकायला कमी येतं म्हणून ओरडून बोलते. मी विचारलं तशी ती पोह्यांवर शेव घालता घालता थांबली. "तुझ्या आईची? अगं, ती तर कधीच गेली होती. मिलला कुलूप लागायच्या जरा आधीच. चाळिशी उलटली नव्हती नीट."

मी म्हटलं, असं कसं, आई तर बसत होती. मिल बंद पडल्यावरसुद्धा कितीतरी वर्षं.

"बसत होती ना. खोटं बसत होती." आणि ती इतकी हसली की तिला ठसका लागला. "तुला पता नाही? मला पण कोणी सांगितलं नव्हतं, मीच पकडलं. सालभर एका पण सणाला ती बसली नाही. गौरी नाही, संक्रांत नाही, चैत्रातलं हळदीकुंकू नाही. आमचं तर हमखास गौरीच्या दिवशीच यायचं. मी सरळ विचारलं, वहिनी, तुझे दिवस पंचांग बघून येतात का गं?"

"मग?"

"मग काय. आधी लाजली. मग बोलली, वन्सं, कुणाला सांगू नका. ह्यांच्या हाताला काहीतरी पाहिजे."

आई, मी पोह्यांची बशी तशीच धरून बसले. मिलच्या फाटकाला कुलूप लागलं त्यानंतरचे दिवस मला आठवतात, पण मी ते आधी बारावीच्या अभ्यासातून आणि मग कॉलेजमधून पाहिलेले होते. बाबा रोज इस्त्रीचा शर्ट घालून फाटकापर्यंत जायचे, बाकीच्यांबरोबर उभे राहायचे आणि जेवायच्या वेळी परत यायचे. शहरात नवीन दुकानं उघडत होती, टीव्हीवर चॅनलं वाढत होती, सगळे म्हणत होते की आता देश खुला झाला. आपल्या घरात एक माणूस दुपारभर घड्याळाला चावी देत बसलेला असायचा. "भाजी निवडता का?" असं तू त्यांना कधी म्हणू शकली नसतीस. म्हटलं असतंस तर ते बायकोने कामाला लावलेले बेकार झाले असते, आणि शेजाऱ्यांना ते दारातून दिसलं असतं. पण तू बसलीस की गोष्ट वेगळी. त्या दिवसांत कोणाचाही नवरा चुलीपाशी जातो, मोठ्या हुद्द्यावरचासुद्धा. तुला एवढं एकच दार सापडलं होतं, आणि ते तू अंगातलं संपल्यावरही उघडं ठेवलंस.

आता मला ते सगळं पुन्हा दिसतं. तू सतरंजीवर आहेस, भिंतीला टेकून, आणि स्वयंपाकघर तोंडाने चालवते आहेस. "अहो, मोहरी तडतडू द्या आधी." "तडतडली की." "ती नाही, तो गॅस तडतडला." बाबा पळी घेऊन दारात येऊन उभे राहतात, उंबरा ओलांडत नाहीत, पळी लांबूनच दाखवतात. "रंग बघ. आला ना?" "आला. आता हात आवरा, मीठ मी सांगेन तेव्हा." कधी शेजारचे काका डोकावतात, "क्या भिया, आज आपकी ड्यूटी?" आणि बाबा म्हणतात, "पहिली पाळी मेरी, दूसरी भी मेरी," आणि दोघं मिलमधल्यासारखे हसतात. एक सकाळ तर मला अजून नीट आठवते. बाबा कृष्णपुऱ्याकडून मेथीच्या जुड्या घेऊन आले, पिशवी ओट्यावर ठेवली आणि काहीच विशेष नसल्यासारखं म्हणाले, "आज बसणार आहेस का तू?" तू तांदूळ धूत होतीस. वर न बघता म्हणालीस, "अजून ठरलं नाही." मला तेव्हा ते चुकीचं काही वाटलं नाही. मी तिथे उभी होते आणि मला काही कळलं नाही. बाबांना किती कळलं होतं, हे आता आत्यालाही सांगता येत नाही. दुपारी आपण मेथीचे ठेपले खाल्ले. जाड होते.

डॉक्टरांना मी खरं ते सांगितलं. लवकर गेली होती, चाळिशीतच. त्यांनी लिहून घेतलं, हाडांची तपासणी लिहून दिली, गोळ्या दिल्या, सकाळचं ऊन घ्या म्हणाल्या. बाकीचं त्यांनी विचारलं नाही. तुझी हाडं तेव्हापासून आतून झिजत होती आणि तू खिडकीखाली बसून बाबांना फोडणी शिकवत होतीस, हे कुठल्या रकान्यात बसणारही नव्हतं.

एक गोष्ट उरते. बारावीचा निकाल लागला ती सकाळ. आदल्या दिवशी बाबा कुठल्याशा वर्कशॉपमध्ये विचारायला गेले होते आणि "तरुण माणूस पाहिजे" ऐकून परत आले होते. सकाळी मी उठले तर तू सतरंजीवर. मी शाळेतून पळत आले, दारातूनच ओरडले की फर्स्ट आले. तू उठलीस, दोन पावलं पुढे आलीस आणि थांबलीस. हात थोडे वर आले होते तेही खाली घेतलेस. म्हणालीस, "लांबूनच नमस्कार कर गं. बाबांना सांग आत जाऊन." बाबांनी तूप सोडून सोडून शिरा केला. अर्ध्या क्वार्टरांना स्वतः नेऊन वाटला. इतक्या महिन्यांत त्यांना एवढं बोलताना मी पाहिलं नव्हतं.

हे पत्र आत्याला वाचून दाखवावं असं मनात आलं होतं. नाही दाखवणार. यातलं शेवटचं वाक्य तिच्या हसण्यात सापडेल, आणि ते मला नको आहे. तू त्या दिवशी का बसलीस, ते मला आता कळतं. मी तुझ्या जागी असते तर बहुतेक तेच केलं असतं. शिराही चांगला झाला होता. पण त्या सकाळी तू मला शिवायला काहीच हरकत नव्हती, हे कळल्यापासून मी रोज थोडी रडते आहे, आणि घरात सांगते आहे की हे पाळी जाण्याचं लक्षण आहे.