थोरलीची हाक

४ मार्च
पोचलो एकदाचे! सामान थोडं आणि ठकूची बडबड फार, असा प्रवास झाला. संशोधन केंद्राच्या मागे दोन खोल्यांचं बैठं घर मिळालंय. मोरीतला नळ पाणी सोडण्याआधी बराच वेळ नुसता खोकत बसतो, आणि स्वयंपाकाच्या खोलीचं दार लावायचं म्हणजे खांदा द्यावा लागतो. पण खिडकी उघडली की समोर समुद्र! ठकूने गजांना नाक लावून जाहीर केलं की शाळा सुरू होईपर्यंत ती इथून हलणार नाही. सहा वर्षांची आहे, पण शब्दाची पक्की. भूक लागली तेव्हा हलली.

तिचे बाबा जहाजावर. पुढच्या खेपेपर्यंत आम्ही दोघीच. संचालकबाईंना मी भीतभीतच विचारलं होतं, लेकीला आणलं तर चालेल का. त्या ठेंगण्या, चष्मा कायम कपाळावर, आणि समोरच्याचं वाक्य आपणच पुरं करून टाकणाऱ्या. म्हणाल्या की आणा, केंद्रात तेवढाच एक शहाणा माणूस वाढेल. मग हसू ओसरल्यावर म्हणाल्या की मोसमाअखेर अहवाल चांगला झाला तर माझी जागा कायम होईल, नाहीतर केंद्र चालेल की नाही हेच सांगता येत नाही.

मी म्हटलं, होईल. उगाच छाती फुगवून म्हटलं.

६ मार्च
काम इतकं गोड आहे की पगार घ्यायची लाज वाटावी.

प्रत्येक डॉल्फिनची स्वतःची एक शीळ असते. नावच म्हणा ना. पिल्लू हरवलं की ते आपली शीळ घालत राहतं आणि आई ती ओळखून येते. आमच्याकडे असंच एक पिल्लू आहे. मासेमारीच्या जाळ्यात शेपूट अडकून जखमी झालं होतं. केंद्राच्या बोटवाल्या काकांनी ते सोडवून आणलं, आणि धक्क्याला लागून समुद्रातच जाळीचं कुंपण करून त्यात ठेवलंय. जनावरांचे डॉक्टर सांगतील तसं नळीने दूध पाजायचं. त्याची आई बाहेर घिरट्या घालत असते. तिला सगळे थोरली म्हणतात.

पिल्लाची शीळ पाण्यातल्या माईकवर टिपायची, मग लांब पाण्यात सोडलेल्या स्पीकरवरून ती वाजवायची. किती लांबून थोरली येते ते बघायचं. धक्क्याच्या टोकाला ऐकायची खोली आहे, तिथे हेडफोन लावून मी बसते. आज मी शीळ वाजवली आणि ती तीरासारखी आली! स्पीकरभोवती फिरली, शोधत राहिली, मग पिल्लाकडे परतली. मी टाळ्या पिटल्या, आणि लगेच ओशाळून कुणी पाहिलं तर नाही ना बघितलं.

११ मार्च
एक युक्ती सापडली. पिल्लाची शीळ दूध पाजायच्या आधी सर्वांत स्वच्छ येते. भूक जितकी जास्त, तितकी शीळ लांब आणि सारखी. म्हणून मी दूध जरा उशिरा द्यायला लागले. फार नाही, रेकॉर्डिंग मनासारखं होईपर्यंत. बोटवाल्या काकांनी विचारलं, आज अजून दूध नाही का? मी म्हटलं, यंत्र जुळवतेय. खोटं होतं, पण लहानसं.

संचालकबाईंनी रेकॉर्डिंग ऐकून पाठ थोपटली. ठकूने विचारलं, पिल्लू एवढं का ओरडतंय. तिला सांगितलं की ते गातंय.

१७ मार्च
पिल्लू गेलं.

डॉक्टर म्हणाले, जखम तर भरत आली होती. एवढ्या लहान जिवाच्या दुधात मध्ये खंड पडून चालत नाही. ते माझ्याकडे बघून बोलले नाहीत, तरी माझी मान खाली गेली. दुधाच्या वेळा कुणी विचारल्या नाहीत, आणि मी सांगितल्या नाहीत. तोंड उघडायला किती वेळ लागला असता? उघडलं नाही.

ताडपत्रीत गुंडाळून त्याला मागच्या बाजूने नेलं, थोरलीला दिसू नये म्हणून. ती कुंपणाबाहेर शीळ घालत होती. उत्तर येत नव्हतं.

मी संचालकबाईंना म्हटलं, आता प्रयोग थांबला. त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला.

‘‘थांबला कशाला? आवाज आहे ना आपल्याकडे.’’

अहवाल अर्ध्यात आहे, त्या म्हणाल्या. तिला थोडंच कळणार आहे! मला माझी जागा आठवली, ठकूची शाळा आठवली. मी बरं म्हटलं.

१८ मार्च
वाजवली. आली.

स्पीकरसमोर येऊन ती कुशीवर वळली आणि तशीच स्थिर राहिली. पिल्लाला पाजताना डॉल्फिनची आई वळते तशी. रेकॉर्डिंग संपलं तरी बराच वेळ वळलेलीच होती.

काकांनी बोट वळवून नेली. मी वहीत ‘प्रतिसाद: तात्काळ’ असं लिहिलं. घरी येऊन ठकूला जवळ घेतलं तर ती म्हणाली, सोड, श्वास कोंडतोय. माझ्यासारखी निर्लज्ज बाई मी पाहिली नाही.

२३ मार्च
आज भलताच घोटाळा उघड झाला. प्रत्येक वेळी शीळ वाजवण्याआधी टेबलावरच्या माईकमध्ये मी दिवस आणि खेप बोलते, म्हणजे कुठलं रेकॉर्डिंग कुठलं ते कळतं. माईकचं बटण मग बंद करायचं. काका बोटीतून आल्या आल्या म्हणाले, तुमच्या हाका तर पार बोटीच्या तळातून ऐकू येतात. बघते तर बटण चालूच. म्हणजे स्पीकर चालू असताना मी खोलीत जे जे बोलते ते सगळं पाण्यात जातंय, आणि किती दिवसांपासून कोण जाणे.

आणि मी बोलते काय? ठकू बाहेर धक्क्यावर खेळते, तिला खिडकीतून सारखी हाक मारते. ‘ये ग ठकू, आई इथेच आहे.’ शीळ वाजवायची, थोरली यायची, आणि मग मी माझ्या लेकीला हाक मारायची. रोज, तिच्या कानावर.

काका हसले, मीही हसले. मग बटण दोनदा तपासून बंद केलं.

२६ मार्च
रेकॉर्डिंगमध्ये एक नवा आवाज. शीळ नाही. शिळेपेक्षा खूप खालचा, घोगरा, नळीतून बोलल्यासारखा. चढतो, मध्ये थांबतो, उतरतो. शब्द नाहीत, नुसती चाल. मी तीन-चारदा ऐकला तेव्हा ओळखला. माझ्या हाकेची चाल आहे.

संचालकबाई खुर्चीतून उठल्याच. जंगली डॉल्फिनने माणसाच्या आवाजाची नक्कल करावी, आणि तीही न शिकवता! आता जागेची काळजी सोडा म्हणाल्या. मला आनंद झाला. खोटं कशाला लिहू, खूप झाला. रात्री जेवताना हात थांबला. थोरलीने एवढा खटाटोप कशासाठी केला असेल?

२८ मार्च
ठकू दुपारी गुडघ्यापर्यंत भिजून आली. रागावले तर उलट मलाच विचारते,

‘‘आई, तू धक्क्याखालून हाका का मारत होतीस?’’

मी तेव्हा घरात तांदूळ निवडत होते.

तिला बजावलं, पाण्याकडून हाक आली तर जायचं नाही. ती म्हणाली, पण तू होतीस ना. मी म्हटलं, मी नव्हते. मग कोण होतं? काय सांगू? कुणाचं पिल्लू मी उपाशी ठेवलं ते सांगू?

२९ मार्च
संचालकबाईंकडे गेले. दुधाचं सगळं सांगायचं ठरवून गेले होते. म्हटलं, स्पीकर काढा, मला रजा द्या, मुलीला घेऊन जाते. त्या म्हणाल्या, शब्द अजून स्पष्ट नाहीत, आणखी थोडे दिवस काढा, मग खुशाल जा. जनावराला घाबरता होय? दुधाचं तोंडापर्यंत आलं, आणि गिळलं.

आणि खरं सांगायचं तर तो स्पष्ट आवाज मलाही हवा होता. थोडे दिवस. ठकूला घरात ठेवीन म्हटलं.

३० मार्च
शब्द आले. ‘ये ग.’ नंतर ‘आई.’ भर दुपारी, लख्ख उन्हात, काका डबा खात असताना. त्यांनी डबा मिटला आणि सरळ निघून गेले. उद्यापासून येणार नाही म्हणाले.

पिल्लाची शीळ वाजवून थोरलीला लांब पाण्याकडे न्यायचं म्हणून परत वाजवली. मेलेल्या लेकराचा आवाज, पुन्हा. ती आली नाही. धक्क्याखालीच होती.

ठकू घरात रमत नाही. खिडकीशी बसते, कान लावून. उद्या तिला सोबतच घेऊन बसेन, डोळ्यांसमोर. परवा आम्ही जाणार. जागा गेली खड्ड्यात.

३१ मार्च
शेवटचं रेकॉर्डिंग म्हणून बसले. ठकू पायाशी चित्र काढत — मी हेडफोन लावले —

माझा आवाज. हुबेहूब. मलासुद्धा फरक — ‘ये ग ठकू, आई इथेच आहे.’ इतका स्वच्छ की मी डोळे मिटले. नीट ऐकायला. बटण दाबलं. टिपलं जावं म्हणून —

आणि मग त्याच हेडफोनमध्ये, पाण्यातून, ‘आले ग.’

वळले तर कागद, खडू. दार उघडं. ती उठली ते मला ऐकू आलंच नाही, कानांवर —

आधी बटण दाबलं मी. आधी बटण.

तारीख नाही
सगळे शोधून गेले. तिचे बाबा निघालेत. संचालकबाई दाराशी आल्या. त्यांना दुधाचं सांगितलं. आता सांगितलं.

धक्क्याखाली कुणी नाही, म्हणतात. थोरलीही नाही. मी खोलीतच असते.

नंतर
सकाळी हेडफोनमध्ये ठकू. ‘आई.’ एकदाच.

मी शीळ वाजवायचे त्याच वेळेला.

नंतर
काल हाक धक्क्याजवळून आली. आज थोडी लांबून. उद्या आणखी —

मी किती लांब जाते ते बघतेय थोरली.

नंतर
ती ठकू नाही. मला पक्कं ठाऊक आहे. नुसता आवाज आहे, कुणीतरी वाजवतंय. पाण्यात कंबरेपर्यंत जाऊन आले तरी.

थोरलीलाही ठाऊक असणार. पहिल्याच दिवशी कळलं असणार तिला, की त्या स्पीकरच्या डब्यात लेकरू नाही. कळूनसुद्धा रोज येत होती. आणि मी लिहायचे, प्रतिसाद —

पुन्हा हाक आली. पार लांबून. भूक लागली की ठकू अशीच, शेवट ओढून —

फक्त एवढंच सांगून येते तिला, की आई इथे