पानाखालचा माग

चिखलदरा,
ता. ४ डिसेंबर १९६१

चि. देवमन,

मोठ्या भावाचा सप्रेम जय भीम. इकडे आमी सारे ठीक. मायचे गुडघे थंडीनं धरले, दिवसभर चुलीपाशी बसून तुहं नाव घेत राहते. तुही वैनी म्हणते, भावजींले लिहा, भावजींले लिहा. म्हणून लिहून राहिलो. माह्या मनानं लिहून राहिलो असं समजू नोको.

तुह्या बायकोचं, ललिताचं पत्र भेटलं. मूर्तिजापूरच्या टेसनावर कापसाच्या गाठी चढवून तुही पाठ धरली म्हणे. वाचून पहिले मले बरं वाटलं. खोटं काहून बोलू? मंग वाईट वाटलं. पण बरं पहिले वाटलं.

काल उत्तमराव मास्तर अकोल्याहून आले, यंदाच्या सहलीसाठी बंगला ठरवाले. वीस तारखेले बावीस हौशी मंडळी येऊन राहिली, पाच दिवस रान पाहाले. गळ्यात दुर्बिणी, हातात वह्या, डोक्यात पाखरं. मास्तर मोटारीतून उतरले अन् पाणीबी न पिता पहिला सवाल केला, "देवमन कुठे आहे?"

सात वर्सं झाली, या माणसाची वळकटी मी मोटारीपासून बंगल्यापर्यंत डोक्यावर नेतो. मले 'कसा आहेस' म्हणून विचारणं नाई. देवमन कुठे आहे! अकोल्याच्या त्या शिक्षिका दुर्गाबाई, त्यायचंही उन्हाळ्यात कार्ड आलं होतं. 'देवमनला सांगा, मोरघारीची शीळ आता मला ओळखता येते.' पत्ता माह्या घरचा अन् निरोप तुले. थे कार्ड मी चुलीत घातलं. आता सांगतो, काय करशीन?

अरे, मोरघार तुले कोणं दाखवली? तुह्या नाकाले शेंबूड होता तवा तुले खांद्यावर बसवून मी रान फिरवलं. सांबराचा माग कोणता, भेकराचा कोणता, वाघाचा पंजा चौकोनी अन् वाघिणीचा लांबट, हे सारं मी शिकवलं. पान झाकायची युक्तीही माहीच. पहाटे तू एकटा समोर जायचा. वाटेवर ताजा माग दिसला का त्याच्यावर सागाचं मोठं पान झाकायचा अन् चार गोटे ठेवायचा, दवानं अन् ढोरायनं मोडू नाई म्हणून. उजाडल्यावर मी मंडळी घेऊन यायचो, साऱ्यायले गोल उभं करायचो अन् पान उचलायचो. बाया 'अगं बाई' म्हणायच्या. वकील, डाक्टर, मोठमोठी माणसं माह्या पायापाशी वाकून पाहायची. त्या एका घडीसाठी मी साल काढायचो, देवमन.

मंग मास्तरनं नवा कायदा काढला, ज्याला सापडलं त्यानंच उचलावं. माहा डावा पाय अस्वलानं फाडल्यापासून फेंगडा पडते, पहाटे समोर जाणं मले होत नाई, हे काय त्यायले दिसत नव्हतं? तू 'दादाच उचलन' म्हणाला, हाव, म्हणाला. पण दुसऱ्या दिवशी उचललंच ना! अन् वरून पाखरायच्या बोल्या काढून दाखवल्या. माह्याकडे पाहात नव्हतं कोणी.

गेल्या साली जे झालं ते झालं. तू म्हणाला वाघीण अन् बच्चू, दोन पानं ठेवली. पानं उचलली तं खाली कोरी माती. अमरावतीचे वकीलसाहेब हसले, "यांचे वाघ पानातच राहतात वाटतं!" मास्तरची साऱ्यायसमोर मान खाली गेली. त्यायनं तुले घरी पाठवलं अन् तू गावच सोडलं. यात मी काय करणार?

काल मास्तर म्हणाले, "शालिकराम, मी वर्षभर विचार करतोय. हा मुलगा सहा वर्षांत एकदाही खोटं बोलला नाही. माझ्या हातून अन्याय तर झाला नाही? त्याचा पत्ता दे." मी म्हटलं, पत्ता मले ठाऊक नाई. ललिताचं पाकीट माह्या खिशातच होतं.

बाकी सारं ठीक हाय. पाठीले तीळतेल चोळजो. मायचा आशीर्वाद.

तुहा भाऊ,
शालिकराम

ता. ७ डिसेंबर

वरचं पत्र पेटीत टाकाले गेलो अन् तसंच वापस आणलं. वैनी म्हणे, टाकलं का? मी म्हटलं, तिकीट नाई. तिकीट होतं.

आता उरलेलं लिहितो. तुले नवं काई नाई त्यात, तुले सारं ठाऊक हाय. पण माह्या हातानं लिहिलेलं तुह्यापाशी असावं.

त्या दिवशी तू माग झाकून आला अन् चहा पेता पेता मले कानात म्हणाला, "दादा, बच्चूचाही हाय, रुपयाएवढा." तुहं तोंड असं फुललं होतं का मले थे पाहवलं नाई. वाघिणीसोबत बच्चूचा माग मले जलमात नाई भेटला अन् तुले भेटला! मंडळी नाश्त्याले बसली तवा मी नाल्याच्या आडवाटेनं गेलो. पानं उचलली. पाहिलं. खरंच होता रे, मायच्या पंजाले लागूनच. लय साजरा होता. मी डहाळी तोडली अन् दोन्ही पुसले. मंग पानं जशीच्या तशी ठेवली, गोटेसुद्धा.

जलमभर दुसऱ्यायचे माग पाहणारा मी, माहा सोताचा माग पुसाचा भुललो. पानापाशी ओल्या मातीत माहा डावा पाय उमटला होता, फेंगडा, टाच खोल.

तू वाकला. मी मंडळीच्या मांगं उभा होतो, तुहे डोळे मले दिसत होते. तू आधी कोरी माती पाहिली, मंग थो पाय पाहिला, मंग वर माह्याकडे पाहिलं. मले वाटलं, आता बोलते हा. तू तळहातानं माती सारखी केली, माहा पाय मिटवला अन् म्हणाला, "माहीच चूक झाली साहेब. भास झाला असन."

काहून केलं रे तू असं? बोलला असता तं मी भांडलो असतो, मारामारी केली असती, सुटलो असतो. तू तेथेही माह्यापेक्षा मोठा झाला. वर्षभर मी त्याच्यावरच जळून राहिलो, तुह्या मोरघारीवर नाई.

परवा मास्तर परतवाड्याहून अकोल्याची मोटार धरणार होते. मी मांगून गेलो अन् अड्ड्यावर, चहावाल्याच्या बाकावर, त्यायले सारं सांगितलं. मास्तरचा चहा थंडा झाला. मंग त्यायनं एकच विचारलं, "देवमनला ठाऊक आहे?" मी म्हटलं, हाव, त्याच दिवसापासून.

मास्तर उठले. मोटारीत पाय ठेवताना म्हणाले, "त्याला बोलाव. मी सगळ्यांसमोर त्याची माफी मागेन. आणि तू सहलीत राहायचं की नाही, ते तोच ठरवेल. मी ठरवणार नाही."

तवा आता हे तुह्या हाती हाय. एकोणीस तारखेपर्यंत ये. मायसाठी ये, त्या दुर्गाबाईसाठी ये, मास्तर साऱ्यायसमोर तुही माफी मागणार हायेत त्याच्यासाठी ये. मले ठेवलं नाई तरी मी तोंडातून सबूद काढणार नाई. अन् ठेवलं तं एक आताच सांगून ठेवतो, तुहं नाव निघालं का माह्या पोटात आगच पडन. थे जाणार नाई. मी पाहिलं करून.

पान तूच ठेवजो अन् तूच उचलजो. मी साऱ्यायच्या मांगं चालीन. डोळ्यानं दिसन इतका जवळ, अन् माहा पाय तुह्या मागावर पडणार नाई इतका दूर.

ज्याचा डावा पाय तू मिटवला, थो तुहा दादा,
शालिकराम