‘काका’ या शब्दाची व्युत्पत्ती

७ जुलै, सोमवार. टांगा, टांझानियाच्या किनाऱ्यावरचं आमचं गाव.
आजपासून रोजनिशी. कारण गंभीर आहे. समोरच्या घरात शिवणकाम करणाऱ्या झुवेनाने आज पुन्हा मला ‘काका’ म्हटलं. आमच्या स्वाहिलीत काका म्हणजे मोठा भाऊ. मी मकामे, वय शेहेचाळीस, अविवाहित, सेकंडरी शाळेत स्वाहिलीचा शिक्षक. ती एकोणचाळीस, विधवा. आमच्यामध्ये एक गल्ली आणि हा एक शब्द. गल्ली मी रोज ओलांडतो.
संकल्प : पंधरा दिवसांत शब्दाचा निकाल लावणे. भाषेचा माणूस आहे. दुसऱ्या कुणाला जमलं नसतं.

८ जुलै, सकाळी ७
मोठा कोश काढला. काका : १. थोरला भाऊ. २. अंड्याचं रिकामं टरफल. ३. बोटाला होणारं नखुरडं. तिन्ही अर्थ निरुपयोगी. कोश फार जुना आहे.
दुपारी झुवेनाच्या आईने, बी तिमेने, खिडकीतून हाक मारली. म्हणाली, “पोरीचा काका म्हणवतोस ना? मग चढ वर. छप्पर गळतंय.” चार पत्रे बसवले. पाठ धरली आहे. पण घरात प्रवेश मिळाला. वरून का होईना.

११ जुलै, शुक्रवार
नमाज झाल्यावर किराणावाल्या मनसुखभाईंकडे गेलो. त्यांच्या गुजरातीत काका म्हणजे बापाचा भाऊ. ही तर आणखी अधोगती! पुस्तकांचं म्हणणं, शब्द बहुधा फारसीतून गलबतांबरोबर आमच्या किनाऱ्यावर आला. परत पाठवायची सोय नाही.
सरकारी दवाखान्यात एक नायजेरियन डॉक्टर आहेत, हौसा बोलणारे. बी तिमेला गुडघ्यासाठी तिकडे नेलं (मीच, भाऊ म्हणून), तेव्हा त्यांना विचारलं. हौसात काका म्हणजे आजोबा किंवा आजी. बी तिमे शेजारीच बसली होती. ऐकायला तिला कमी येतं असा माझा समज होता.

१४ जुलै
अख्खी गल्ली मला ‘आजोबा’ म्हणते आहे. कॉफीवाल्याने बसायला स्टूल दिलं, कधी देत नाही. झुवेना एवढी हसली की मशीन थांबवावं लागलं. म्हणाली, “किती विद्वान हो तुम्ही, काका!”
नोंद : ‘विद्वान’ म्हणाली. प्रगती आहे.

१७ जुलै, गुरुवार, दुपारी ४
विजय!! बंदरावर एक जपानी इंजिनियर आला आहे. त्याच्या गावाकडे म्हातारे लोक आपल्या बायकोला ‘काका’सारखंच काहीतरी म्हणतात, शेवटी जरा लांबवून. बायको! म्हणजे शब्द संसारापर्यंत पोचलेला आहे, फक्त टांग्यापर्यंत यायचा राहिलाय.
तडक जाऊन झुवेनाला सांगितलं.

त्याच दिवशी, ६ वाजता
तिने दोऱ्याचं टोक दातांनी तोडलं आणि म्हणाली, “तिकडे नवरा म्हणतो ना बायकोला? मग तुम्ही म्हणा की मला. मी थोडीच म्हणायचं?”
म्हटलं असतं तर मीच तिला भाऊ केलं असतं. या शब्दाला आत यायचं दार आहे, बाहेर पडायचं नाही.

२० जुलै, रविवार
व्युत्पत्ती बंद. आता सरळ मार्ग. तिला म्हटलं, मला नावाने हाक मार. मकामे म्हण.
“इश्श! मोठ्या माणसाला नावाने?”
आतून बी तिमे बोलली, “नवरा गेल्यावर ती चार वर्षं दाराला आतून कुलूप घालून बसायची. तू समोर राहायला आलास आणि कुलूप निघालं. भाऊ आहे म्हटल्यावर लोकांची तोंडं बंद. समजलं?”
समजलं. नारळाच्या रसातला भात जेवून घरी आलो. दोनदा वाढून घेतला.

२४ जुलै
झुवेना आज स्वतः माझ्या दारात आली. नवा कांगा, ते छापील वस्त्र, अंगावर. नजर खाली. म्हणाली, एक नाजूक बोलायचंय. मी खुर्ची दोनदा पुसली.
नाजूक गोष्ट अशी : बर्फाच्या कारखान्यात सेफू नावाचा माणूस आहे. त्याने लग्नासाठी विचारणा केली आहे. “तुम्ही एकदा बघून या, काका. तुम्ही नको म्हणालात तर मी नको म्हणेन.”
म्हणजे सगळं माझ्या हातात! उद्याच जातो. माणसात दोष निघणार नाही असं होत नाही. दहावीचे पेपर वीस वर्षं तपासतोय.

२५ जुलै, शुक्रवार
तपासणी केली. दारू नाही. तंबाखू नाही. आजारी आईला रोज स्वतः न्हाऊ घालतो. शेजाऱ्यांना विचारलं, तेही त्याची स्तुती करायला लागले. दात सगळे जागेवर. मला ‘मेव्हणे’ म्हणाला आणि बर्फात घातलेला मोठा मासा दिला.
दोष : व्याकरण भयंकर. अनेकवचन कुठेच धड नाही.
सहज विचारलं, झुवेना तुला काय म्हणते? लाजला. “काही नाही. नुसतं ‘ए’ म्हणते.”
ए. त्याची व्युत्पत्ती कुठल्या कोशात शोधायची?
झुवेनाला जाऊन अनेकवचनाचं सांगितलं. गंभीर चेहरा करून सांगितलं. तिने शिवण बाजूला ठेवली, माझ्याकडे बघत राहिली. “आणि माणूस?” म्हणाली. “माणूस कसा आहे?”
कुलूप आठवलं.
चांगला आहे म्हणालो.

२७ जुलै, रविवार
मुलाकडचा मध्यस्थ मागणीचं पत्र घेऊन आला. पत्र मुलीकडच्या कुणीतरी मोठ्याने वाचायचं असतं. झुवेनाच्या चुलत्याला दिसत नाही, त्यामुळे मी. पांढरी टोपी घालून चटईवर मधोमध बसलो. आवाज चांगला लागला. पत्रात शुद्धलेखनाच्या सात चुका होत्या, वाचता वाचता सगळ्या सुधारल्या. कुणाला कळलं नाही. शेवटी सगळे माझ्याकडे बघायला लागले, म्हणून घराच्या वतीने होकार दिला.
पडद्यामागे झुवेना रडली. मीही रडलो. पाहुण्यांना काहीच वाटलं नाही. भाऊ म्हटल्यावर रडणारच, म्हणाले.