चाळीस मिनिटं, न थांबता

९ मार्च
चाळीस मिनिटं चालायचं! रोज! सलग, न थांबता! जानेवारीत जिचं हृदय बंद पडता पडता राहिलं, तिला असं सांगतात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "उलकानताई, घरातल्या येरझाऱ्या धरणार नाही मी. धाप लागली पाहिजे, पण बोलता आलं पाहिजे." मी हो म्हटलं. करणार नव्हतेच.
मग हे एकटेच आत जाऊन बोलून आले. म्हणाले, "चाळीस मिनिटं जमली तर जूनमध्ये वर जायला हरकत नाही म्हणतात."
वर म्हणजे डोंगरात, सोनकोल तळ्याकाठच्या कुरणावर. आमचा तंबू, आमच्या घोड्या. लग्न झाल्यापासून एक उन्हाळा चुकलेला नाही.

११ मार्च
स्टेडियमची एक फेरी. दोनदा बसले. घरी येऊन रडले.

१४ मार्च
नाही गेले.

१५ मार्च
आजही नाही. बाहेर चिखल आणि बर्फ. छताकडे बघत पडून राहिले. मुलगी मॉस्कोहून फोनवर ओरडली — "आई, बूट काय कपाटात ठेवायला पाठवले?" दुखणं परवडलं. कशाचीच इच्छा होत नाही, ते वाईट.

२० मार्च
खोटं बोलले. निघाले ती तडक बाजारात. मटण-कांद्याचे सम्से भाजणारीच्या तंदूरपाशी पाऊण तास ऊब घेत बसले. घरी येऊन सांगितलं, चालले.
यांनी माझ्या शालीचा वास घेतला. "स्टेडियमात हल्ली कांदा-मटण शिजतं वाटतं?"
रागावले असते तर बरं वाटलं असतं. नुसतं म्हणाले, "घोड्या वितील आता. वर त्यांचं दूध कोण काढणार?"

२१ मार्च
नवरोज. सगळं गाव खाण्यात. मी दोन फेऱ्या.

६ एप्रिल
बावीस मिनिटं. छातीचा भाता झालेला. बोलता येतं का पाहायला एकेका घोडीचं नाव घेत चालले. कडेला उभी एक बाई दुसरीला म्हणाली, "बिचारी! डोक्यावर परिणाम झालाय." हे बाकावरून ओरडले, "डोकं शाबूत आहे, पाय बिघडलेत!"
जानेवारीनंतर पहिल्यांदा हसले. हसताना थांबावं लागलं — तर यांनी ती फेरी धरलीच नाही!

२८ एप्रिल
एकतीस. गुडघे ठणकतात. रोज सकाळी वाटतं, आज नको. मग ते पठार डोळ्यांपुढे आणते, ओल्या गवताचा वास आठवते, आणि बूट घालते. दुसरं काही कामी येत नाही. मुलीचा ओरडा नाही, मरणाची भीती तर मुळीच नाही.

२३ मे
चाळीस! एकदाही न थांबता! घरी येताच गाठोडं बांधायला घेतलं — रजया, दुधाची बादली, यांचा जाड कोट. यांनी गाठोड्याला हात लावला नाही. म्हटलं, "आनंद नाही झाला?"
"झाला ना," म्हणाले आणि बाहेर निघून गेले.

३० मे
धाकट्या जावेचा, झिनाशचा फोन. हिवाळाभर आमच्या घोड्या त्यांच्याचकडे असतात. "जाऊबाई, मंगळवारी वर पोचलो. घोड्यांची काळजी करू नका. तुम्हाला आता डोंगर कायमचा बंद, हे भाऊजींनी मार्चमध्ये सांगितलं तेव्हा फार वाईट वाटलं हो."
मार्चमध्ये!
म्हणजे डॉक्टरीणबाईंनी त्या दिवशी आत यांना तेच सांगितलं होतं. सगळ्यांना ठाऊक. मी सोडून.
गाठोडं तसंच आहे. सोडवत नाही.

३१ मे
एकटीच चालून आले. पंचेचाळीस मिनिटं. मग यांना विचारलं, "का?"
यांनी माझे बूट उचलून दाराशी नीट ठेवले. मग म्हणाले, "खरं सांगितलं असतं तर उठली असतीस?"
नसते.